पहिला बोर्ड चुकणारच! मग दुसरा कोण देणार?

आज हे पान वाचण्याआधी एक काम करा. घरात एखादा बंद पडलेला रिमोट आहे का बघा. असतोच! आई-बाबांना विचारा, त्यातले सेल काढा, स्क्रू सोडवा आणि त्याचं पोट उघडा. आत काय दिसतंय? एक हिरवी किंवा तपकिरी पातळ पट्टी. तिच्यावर बारीक बारीक रेघा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि मुंगीएवढे काळे भाग. रेघा कशा, एकमेकींना अजिबात न शिवता वळणं घेत गेलेल्या!

शाळेत आपण सेल, बल्ब आणि वायर जोडून ‘परिपथ’ करतो ना, तोच इथे तांब्याच्या रेघांनी पट्टीवर आखलेला असतो. वायरींचा गुंताच नाही. या पट्टीचं नाव प्रिंटेड सर्किट बोर्ड. कारखान्यातली माणसं लाडाने नुसतं ‘पीसीबी’ म्हणतात. आपणही तेच म्हणूया.

आता आजचा प्रश्न. समजा, उद्या तुम्ही स्वतःच एक नवं यंत्र तयार केलंत, तर त्याचा पीसीबी बनवून कुणाकडून घ्याल? “जो स्वस्त देईल त्याच्याकडून!” असं पटकन म्हणू नका हं. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअर मंडळींनाही पडतो आणि चुकीच्या उत्तराची किंमत महिनोन् महिने मोजावी लागते.

तिरकी स्कूटर आणि सरळ स्कूटर

तुमच्या आजोबांना विचारा, “तुम्ही चेतक तिरकी करून मग किक का मारायचात हो?” आजोबा हसतील आणि पुढचा अर्धा तास तुमचा! ही चेतक १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिच्यात पेट्रोल होतं, कार्बोरेटर होता, चार-दोन वायरी होत्या. पीसीबी शोधायला गेला असतात, तर सापडला नसता.

त्याच चेतकचं नाव घेऊन २०२० साली विजेवर चालणारी स्कूटर आली. २०२२च्या जूनमध्ये तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला तो कुठे? पुन्हा आकुर्डीलाच! या स्कूटरला तिरकं करावं लागत नाही, पण तिच्या पोटात पीसीबीच पीसीबी. बॅटरी तापतेय का, हे बघणारा एक. मोटारीला किती वेग द्यायचा, ते ठरवणारा दुसरा. समोरच्या पडद्यावर आकडे दाखवणारा तिसरा.

पेट्रोलच्या गाड्याही मागे नाहीत. १ एप्रिल २०२०पासून देशात ‘भारत स्टेज ६’ हे धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक मोटारसायकलींमध्ये पेट्रोल मोजून सोडण्याचं काम कार्बोरेटरऐवजी एक छोटा संगणक करू लागला. त्या संगणकाचं अंग म्हणजे पुन्हा पीसीबीच.

गाडी बाजारात आली की असे बोर्ड लाखांनी लागतात. पण त्याआधी कधीतरी पहिले पाच-दहा बोर्ड बनवावे लागतात. त्यांना म्हणतात प्रोटोटाइप, म्हणजे नमुना. शिंपीकाका कोट शिवताना आधी कच्चे टाके घालून तो अंगावर बसवून बघतात. खांद्यात घट्ट झाला, तर टाके उसवून पुन्हा घालतात. नमुन्याचा बोर्ड म्हणजे तसेच कच्चे टाके. तो चुका सापडाव्यात म्हणूनच करायचा असतो. आजच्या गोष्टीची सगळी गंमत याच वाक्यात आहे, लक्षात ठेवा.

आपलं यंत्र: टाकीचा भोंगा

उगाच हवेत बोलण्यापेक्षा एक खरं काम घेऊया. २०१९च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. पाण्याच्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहिली, की जीव हळहळतो. तेव्हा टाकी भरली की वाजणारा भोंगा तुम्ही करायला घेतलात असं समजा. सेलवर चालणारा, पाण्यात तरंगणारा फ्लोट वर आला की “पीं पीं” करणारा.

पहिली जोडणी ब्रेडबोर्डवर. त्यात नुसत्या वायरी खुपसायच्या, सोल्डरिंग नाही. जमलं! मग पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ‘झिरो पीसीबी’ आणलात. हा भोकाभोकांचा तयार बोर्ड असतो. त्यावर भाग बसवून सोल्डरिंग केलंत. तेही जमलं. पण मागून बघितलं तर काय, शेवयांचं घरटं! एक वायर हलली की भोंगा गप्प.

आता विज्ञान प्रदर्शन आलंय आणि बाईंना एकसारखे पाच भोंगे हवेत. म्हणजे खरा पीसीबी हवा. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर उत्तमच. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २०१६पासून सुरू झालेल्या या प्रयोगशाळांत अशी कामं करता येतात. नसेल, तरी घरच्या संगणकावर ‘कीकॅड’ नावाचा फुकट प्रोग्रॅम चालतो. १९९२ साली ज्याँ-पिएर शारास या फ्रान्समधल्या प्राध्यापकांनी तो लिहायला घेतला. त्यात तुम्ही कोणता भाग कुठे बसणार आणि कोणती रेघ कुठून जाणार, हे चित्रासारखं आखता. शेवटी संगणक त्या आखणीच्या काही फायली काढून देतो. त्यांना ‘गर्बर फायली’ म्हणतात.

या नावामागे एक छान योगायोग आहे बरं का! छापील परिपथाचा मोठा शोधक पॉल आयस्लर हा १९०७ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात जन्मला. १९३६ साली तो इंग्लंडला गेला आणि तिथे त्याने छापील पट्टी वापरून रेडिओ बनवला. सुरुवातीला कुणी फारशी दाद दिली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांतल्या नाजूक जोडण्यांसाठी छापील परिपथ कामी आले आणि १९४८पासून ते सर्वांच्या वापरासाठी खुले झाले. फायलींना ज्याचं नाव मिळालं, तो जोसेफ गर्बर. तोसुद्धा व्हिएन्नाचाच! जन्म १९२४चा. नाझींच्या तावडीतून सुटून तो मुलगा १९४० साली अमेरिकेत पोहोचला. पुढे त्याच्या कंपनीने अशी आखणी प्रकाशाने फिल्मवर उमटवणारी यंत्रं बनवली. एकाच गावचे दोन पोरं, आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक बोर्ड त्यांचं काही ना काही देणं लागतो.

बोर्ड बनतो कसा?

कारागीर निवडायचा, तर त्याचं काम थोडं तरी ठाऊक हवं. पट्टी असते काचेच्या धाग्यांच्या कापडाची. ते कापड इपॉक्सी नावाच्या चिकट पदार्थात भिजवून, दाबून घट्ट केलेलं असतं. या मालाला बाजारात ‘एफआर-४’ म्हणतात. जाडी बहुतेक वेळा १.६ मिलिमीटर. तिच्यावर तांब्याचा पत्रा चिकटवलेला. किती पातळ? ३५ मायक्रॉन, म्हणजे तुमच्या केसाच्या साधारण निम्मा!

आधी पट्टीला भोकं पाडतात. भोकाच्या आतल्या भिंतीलाही तांब्याचा मुलामा देतात, म्हणजे वरची रेघ खालच्या रेघेला जोडली जाते. मग तुमच्या फायलीप्रमाणे रेघांवर संरक्षक थर चढवतात आणि उरलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकतात. याला ‘एचिंग’ म्हणायचं. वरून हिरवा लेप, त्याला ‘सोल्डर मास्क’ म्हणतात. त्यावर पांढरी अक्षरं. जिथे सोल्डरिंग करायचं, त्या उघड्या जागांवर कथिलाचा मुलामा. शेवटी कापायचं आणि तपासायचं.

आता किमतीचं कोडं. पाच बोर्ड आणि दहा बोर्ड यांच्या किमतीत फारसा फरक का नसतो? उत्तर दिवाळीच्या फराळात आहे. एक शंकरपाळं तळायचं झालं, तरी कढईभर तेल तापवावंच लागतं ना? तसंच हे. यंत्र जुळवा, फायली तपासा, रसायनं तयार ठेवा. ही सगळी तयारी एका बोर्डालाही तेवढीच आणि शंभरांनाही तेवढीच.

मग नमुने स्वस्तात देणारे काय करतात? आई एकच मोठी पोळी लाटते आणि तिचीच पुष्कळ शंकरपाळी कापते. तसं ते एका मोठ्या पट्टीवर दहा-वीस वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे बोर्ड शेजारी शेजारी बसवतात. तयारीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. पण पोळी एकच, म्हणजे सगळ्यांची जाडी एकच, तांबं एकच आणि बहुतेक वेळा रंगही एकच. “मला जाड तांबं हवं” म्हणालात, की तुमची पोळी वेगळी आणि बिलही वेगळं!

तीन दारं

तर फायली तयार आहेत. तुमच्यापुढे तीन दारं आहेत.

पहिलं दार घराचं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचं. तांबं लावलेली पट्टी आणायची आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात एचिंग करायचं. एका दिवसात बोर्ड हातात. पण भोकांच्या आत मुलामा नाही, हिरवा लेप नाही आणि बारीक रेघा तुटतात. सोबत मोठं माणूस हवंच. हातमोजे आणि चष्माही हवा. कपड्यांवर पडलेला डाग जन्मात जात नाही. आणि एक शपथ घ्या: वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही! त्यात विरघळलेलं तांबं असतं. ते माशांना विष आहे आणि ते द्रावण धातूचे पाइपही खातं.

दुसरं दार जवळच्या कारखान्याचं. भोसरीच्या एमआयडीसीत हिंडलात, तर पत्र्याच्या शेडमधले लहान-मोठे पीसीबीवाले सापडतील. इथे जाऊन समोरासमोर बोलता येतं. बोर्ड हातात धरून “हे असं का झालं?” असं विचारता येतं. मात्र काहींना पाच-दहा नगांचं काम परवडत नाही, ते मोठ्या ऑर्डरी बघतात.

तिसरं दार इंटरनेटचं. फायली चढवल्या की लगेच किंमत दिसते. अशा कंपन्या भारतातही आहेत आणि चीनच्या शेनझेन शहरातही. १०० बाय १०० मिलिमीटरचे पाच बोर्ड अवघ्या २ डॉलरना, अशा जाहिराती काही चिनी कंपन्यांनी केल्या. ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं! पण थांबा. त्यात कुरिअरचा खर्च मिळवा, सीमाशुल्क मिळवा, जीएसटी मिळवा. पुष्कळदा बोर्डापेक्षा त्याचा प्रवासच महाग पडतो. कस्टममध्ये पार्सल किती दिवस राहील, ते तर वेगळंच.

थोडं गणित करा

पाटी-पेन्सिल घ्या. हे आकडे फक्त गणितासाठी आहेत, दुकानात जाऊन मागू नका! समजा, प्रदर्शनाला २४ दिवस उरलेत. ‘अ’ कारखाना सगळं धरून ९०० रुपये घेतो आणि १५ दिवसांनी बोर्ड देतो. ‘ब’ कारखाना १,६०० रुपये घेतो, पण ५ दिवसांत देतो. कोण निवडाल?

पहिला बोर्ड बरोबर निघाला, तर ‘अ’ उत्तम. ७०० रुपये वाचले, शाब्बास! पण पहिला बोर्ड बरोबर निघतो का? अनुभवी इंजिनिअरना विचारा. ते मान हलवून हसतील. कुठे स्विचचे पाय भोकात मावत नाहीत, कुठे प्लस-मायनस उलटे झालेले असतात, कुठे भोंगा बॅटरीच्या डबीवर चढून बसतो. मग फाइल सुधारायला २ दिवस आणि बोर्ड पुन्हा करायचा.

‘अ’ला लागले १५ + २ + १५ = ३२ दिवस. प्रदर्शन होऊन आठ दिवस झाले! ‘ब’ला लागले ५ + २ + ५ = १२ दिवस. पैसे ३,२०० गेले, ‘अ’च्या १,८०० रुपयांपेक्षा १,४०० जास्त. पण भोंगा वेळेवर वाजला, आणि हातात १२ दिवस शिल्लकही राहिले.

आता हेच गणित उन्हाळ्याच्या सुट्टीतलं समजा. कसलीच घाई नाही. मग ‘अ’च शहाणपणाचा! म्हणजे बघा, ‘अ’ चांगला की ‘ब’ चांगला, या प्रश्नाला एकटं उत्तर नाहीच. विचारायचं ते असं: माझी चूक मला किती लवकर कळेल, आणि ती सुधारून दुसरा बोर्ड मला वेळेत मिळेल का? पहिल्या बोर्डाची किंमत बघून कारखाना निवडू नका. दुसरा बोर्ड डोळ्यांपुढे ठेवून निवडा.

विचारायचे सहा प्रश्न

कोणत्याही दारात जा, हे प्रश्न वहीत लिहून न्या. लाजायचं कारण नाही, मोठी माणसंही हेच विचारतात.

१. तुम्ही किती बारीक रेघ काढू शकता, आणि दोन रेघांत किती अंतर लागतं? बऱ्याच ठिकाणी ०.१५ मिलिमीटर सहज जमतं. कारखान्यात हे माप ‘मिल’मध्येही सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ६ मिल म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. मिल आणि मिलिमीटर यांची गल्लत केलीत, तर भोंग्याचा बोर्ड दाराएवढा होईल!

२. प्रत्येक बोर्ड विजेने तपासून देता का? चांगल्या कारखान्यात सुयांचं एक यंत्र असतं. ते भराभर प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना टोचून बघतं: जिथे जोड हवा तिथे आहे ना, नको तिथे नाही ना. ही तपासणी नसेल, तर दोष तुमच्या आखणीत आहे की त्यांच्या कामात, हे शोधण्यातच आठवडा जाईल.

३. सांगितलेली किंमत सगळं धरून आहे का? कर, कुरिअर आणि पहिल्या वेळची तयारी, तिन्ही वेगवेगळी विचारा. आणि बोर्ड कोरा येणार की भाग बसवून? बहुतेक वेळा कोरा येतो. सोल्डरिंग तुमचंच.

४. मुलामा शिशाचा आहे की बिनशिशाचा? मुलं हाताळणार असतील, तर बिनशिशाचाच मागा. आणि सोल्डरिंग झालं की हात साबणाने धुवायचेच.

५. ‘५ दिवस’ म्हणजे कुठून मोजायचे? पैसे दिल्यापासून, की फाइल मंजूर झाल्यापासून? रविवार धरून की सोडून?

६. एचिंगचं सांडपाणी तुम्ही कसं शुद्ध करता? मंडळी, आपल्या पट्ट्यातून पवना आणि इंद्रायणी वाहतात. पीसीबीच्या कारखान्यातून निघणाऱ्या पाण्यात तांबं आणि आम्ल असतं. ते शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही, त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. आपल्या टाकीचं पाणी वाचवणारा भोंगा नदीचं पाणी नासवून झाला, तर काय उपयोग?

आणि सातवा प्रश्न? तो त्यांनी विचारायचा!

सहा प्रश्न तुम्ही विचारलेत. पण खरी परीक्षा पुढे आहे. तुमची फाइल मिळाल्यावर कारखाना तुम्हाला काही विचारतो का?

समजा, तुम्ही फायली पाठवल्यात, पण बोर्डाची कड दाखवणारी फाइल विसरलात. किंवा दोन रेघांमध्ये ०.०८ मिलिमीटरच अंतर ठेवलंत. एक कारखाना काही न बोलता पैसे घेतो आणि जसं आलं तसं छापून पाठवतो. दुसऱ्या कारखान्यातून फोन येतो: “अहो, या दोन रेघा फार जवळ आल्यात, चिकटतील. थोड्या दूर करून पाठवता का? आणि ही कोपऱ्यातली चार भोकं स्क्रूची आहेत ना? मग त्यांना आतून मुलामा नको ना?”

फोन ऐकून कदाचित राग येईल. एक दिवस गेला! पण हाच कारखाना तुमचा मित्र. तुमची चूक त्याने तांब्यात उतरण्याआधीच पकडली. कागदावरची चूक खोडरबराने जाते. तांब्यातली चूक पंधरा दिवस घेऊन जाते. वर्गातही असंच असतं, नाही का? उत्तर चुकलं तरी “छान!” म्हणणारा मित्र आणि “थांब, ही पायरी पुन्हा बघ” म्हणणारा मित्र. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही कुणाकडे जाल?

भोंगा वेगळा, गाडी वेगळी

आता चाकणच्या एखाद्या लहान उद्योजकाच्या जागी उभे राहा. तो गाड्यांच्या कंपनीसाठी एक बोर्ड बनवणार आहे. नमुना त्यानेही करायचाय. त्यालाही हेच सगळं लागू पडतं का?

सुरुवातीला, हो. पहिले एक-दोन नमुने कुठूनही लवकर करून घ्या आणि चुका शोधा. पण पुढे नियम बदलतात. गाडीतला बोर्ड उन्हात तापतो, पावसात भिजतो आणि खड्ड्यांत आदळतो. म्हणून नमुना भट्टीत तापवतात, गारठवतात, तासन् तास थरथरवतात. ही परीक्षा पास झालेला नमुना एका कारखान्याचा आणि पुढचे लाख बोर्ड दुसऱ्याच कारखान्याचे, असं झालं तर ती परीक्षा वाया गेली. वर्षभर सराव एकाने करायचा आणि सामन्यात दुसऱ्यालाच उतरवायचं, तशातला प्रकार! म्हणून शेवटचे नमुने तिथेच करतात, जिथे पुढे सगळं उत्पादन व्हायचंय. तिथली साधनं तीच आणि माल तोच.

त्यासाठी जगभर प्रतवाऱ्याही ठरल्या आहेत. ‘आयपीसी’ ही १९५७ साली सुरू झालेली संस्था बोर्डांचे तीन वर्ग सांगते. पहिल्या वर्गात साध्या घरगुती वस्तू. दुसऱ्यात बराच काळ विनातक्रार चालायला हवीत अशी यंत्रं. तिसऱ्यात बंद पडून चालणारच नाही अशी, जसं दवाखान्यातलं जीव वाचवणारं उपकरण किंवा अंतराळयान. वर्ग चढला की तपासणी वाढते आणि किंमतही. गाड्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी तर ‘आयएटीएफ १६९४९’ हे दर्जाचं वेगळं प्रमाणपत्र असतं.

अंतराळयानावरून आठवलं. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट एकाच उड्डाणात २० उपग्रह घेऊन गेलं. त्यातला एक, सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलामुलींनी बनवला होता. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या त्यासाठी खपल्या. एवढा वेळ का? अहो, वर गेल्यावर तिथे सोल्डरिंग आयर्न घेऊन कोण जाणार? सगळ्या चुका जमिनीवरच सापडायला हव्यात.

तुमच्या भोंग्याला तिसरा वर्ग नको आणि उपग्रहाला पहिला चालत नाही. काम काय आहे, ते आधी ठरवा. कारागीर त्यानंतर.

करून बघा

तो उघडलेला रिमोट अजून समोरच आहे ना? भिंग घ्या आणि पट्टीवर हे शोधा.

इंग्रजीत ‘९४ व्ही-०’ असं कुठे छापलंय का? ती आगीच्या परीक्षेची खूण आहे. उभी धरून पेटवलेली अशी पट्टी ज्योत काढून घेतल्यावर १० सेकंदांच्या आत विझली पाहिजे, असा तिचा अर्थ. मग चार आकडी संख्या शोधा. बऱ्याच बोर्डांवर ती बनवल्याची तारीख असते: दोन आकडे आठवड्याचे आणि दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, १८०९ म्हणजे २००९ सालचा अठरावा आठवडा. काही कारखाने वर्ष आधी लिहितात, तेव्हा दोन्ही बाजूंनी वाचून बघा. आणि एखादं छोटं चिन्ह दिसलं, तर ती त्या बोर्डाच्या कारागिराची सही!

एक मात्र सक्त ताकीद. फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूच उघडायच्या. टीव्ही, मायक्रोवेव्ह, चार्जर यांना हात लावायचा नाही. प्लग काढला तरी त्यांच्या पोटात वीज साठलेली असते आणि ती जोरात फटका देते. सेलफोनच्या बॅटरीलाही टोचायचं नाही, ती पेट घेते.

आई-बाबांसाठी दोन ओळी. मुलांनी बोर्ड मागवायचा हट्ट धरला आणि पहिला बोर्ड चालला नाही, तर “पैसे वाया गेले” असं म्हणू नका. तो चुका दाखवण्यासाठीच मागवला होता आणि त्याने आपलं काम केलं. मात्र ऑर्डर देण्याआधी मुलांकडून एक गोष्ट जरूर करून घ्या. आखणी खऱ्या मापात कागदावर छापायची आणि त्या कागदावर स्विच, भोंगा, सेलची डबी ठेवून बघायची. पाय भोकांवर बसतात का? या एका कागदाने निम्म्या चुका घरच्या घरी, फुकटात सापडतात. आणि एखाद्या रविवारी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरशेजारच्या सायन्स पार्कमध्ये चक्कर मारून या, मुलांचे प्रश्न दुप्पट होऊन परत येतील.

तर दोस्तांनो, वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. एकात लिहा ‘अ’, दुसऱ्यात ‘ब’. त्यांच्याखाली किंमत, दिवस, तपासणी आणि ‘त्यांनी मला काय विचारलं?’ अशा चार ओळी. पुढच्या आठवड्यात ‘कारखान्यांच्या गावात’ या आपल्या सदरात आपण सोल्डरिंग आयर्न हातात घेणार आहोत. तोवर टाकीकडे लक्ष असू द्या हं, पाणी वाहून जाईल!